साभार पोच नको, वाचून सांगा

मागच्या अंकात मी चार पुस्तकांवर लिहिलं होतं. एक कवितासंग्रह, एक रहस्यकथा, एक वऱ्हाडी बोलीतली कादंबरी आणि एका बाईंचं आत्मकथन, आणि चारही लेखकांची नावं आपल्या बहुतेक वाचकांनी आधी ऐकलेली नव्हती. त्यानंतर पत्रं आणि मेल इतके आले की हा सगळा महिना त्यालाच द्यायचं ठरवलंय. काही प्रश्न साध्या वाचकांचे आहेत, काही स्वतः परीक्षणं लिहिणाऱ्यांचे, एक लेखकाचा. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं म्हणून सगळ्यांचीच नावं गाळलीयत, फक्त गाव ठेवलंय.

ताई, मी शाळेत मराठी शिकवतो आणि इकडच्या पेपरात अधूनमधून पुस्तकांवर लिहितो. आमच्याच भागातल्या एका पोस्टमननी पहिला कवितासंग्रह काढलाय, पदरचे पैसे घालून. मला 'सप्रेम भेट, अभिप्रायार्थ' असं लिहून प्रत दिली. ऐंशी कविता आहेत, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचशा साधारण आहेत. माणूस फार चांगला आहे. वाईट लिहिलं तर त्यांचं मन मोडेल, चांगलं लिहिलं तर मलाच खोटं वाटेल. काय करू? (उदगीर)

सर, तुम्ही 'बऱ्याचशा' म्हणालात, सगळ्या नाही म्हणालात. मग ज्या साधारण नाहीत त्या किती, हे आधी मोजा. ऐंशीत सहा-सात कविता खऱ्या निघाल्या तर पहिल्या संग्रहाला ते अजिबात कमी नाही, आणि तुमचं परीक्षण त्या सहा-सात कवितांचं व्हायला पाहिजे.

माझा एक अनुभव सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका कवयित्रीच्या पहिल्या संग्रहावर लिहिलं होतं, पाचशे शब्द, त्यात 'आश्वासक', 'संवेदनशील', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं सगळं होतं. तिचा फोन आला, खूप आभार मानले, आणि मग अगदी सहज विचारलं की ताई तुम्हाला कुठली कविता जास्त आवडली? मला एकही ओळ आठवेना. पुस्तक मी वाचलं होतं, पण एका बसणीत, पानं उलटत, उद्या मजकूर द्यायचाय म्हणून. ती थोडा वेळ गप्प राहिली, 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला. तो 'बरं' मला अजून ऐकू येतो. मी एक वाईट शब्द लिहिला नव्हता, तरी तिचं मन मी मोडलंच, कारण तिला कळलं की आपलं पुस्तक कुणी वाचलेलंच नाही. तेव्हापासून पुस्तक न उघडता निदान एक कविता मला आठवली पाहिजे, नाहीतर मी लिहायलाच बसत नाही.

तेव्हा तुम्ही संग्रह आठवड्याच्या अंतराने दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. आणि एक बघा, त्यांनी टपाल वाटतानाचं काही लिहिलंय का? बंद घरं, मनीऑर्डरची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या बाया, पत्ता बदलून गेलेली माणसं, कुत्री, ऊन, सायकल. बहुतेक वेळा असं होतं की कवी चंद्र, पाऊस, प्रेयसी याच्यावर पन्नास कविता लिहितो कारण कविता म्हणजे हेच असं त्याला वाटत असतं, आणि कुठेतरी मध्येच पान ४३ वर स्वतःच्या रोजच्या जगण्यातली एक कविता येते आणि ती एकदम जिवंत असते. ती शोधून काढणं हे तुमचं काम. त्यातल्या चार ओळी पूर्ण छापा, वाचकाला स्वतः ठरवू दे.

उणीव पण लिहा, लपवू नका. पण ती नेमकी लिहा. 'कवीने वाचन वाढवावे' हे सांगायचा आपल्याला काही हक्क नाही, आणि त्यातून कवीला काही मिळतही नाही. त्यापेक्षा 'बऱ्याच कविता शेवटच्या दोन ओळींत स्वतःचाच अर्थ सांगायला लागतात, अमुक कवितेत त्या दोन ओळी काढल्या तर कविता जास्त लागते' असं लिहिलंत तर तो माणूस घरी बसून त्या दोन ओळी झाकून बघेल. आणि कवी तुमच्या ओळखीचे आहेत हे परीक्षणात एका वाक्यात सांगून टाका, झाकून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा यांची परीक्षणं करताना तुम्ही साहित्याचे निकष लावता की वेगळे? मला वाटतं टाइमपास पुस्तकाला एवढं काय तोलायचं. (डोंबिवली)

तुमचा 'टाइमपास' हा शब्द मला फार लागला, कारण याच शब्दामुळे मराठीत या लेखकांची नीट परीक्षणं झालेली नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, काळापहाड, धनंजय ही त्यांच्या नायकांची नावं दोन-तीन पिढ्यांच्या तोंडात होती, लायब्ररीत त्यांच्या पुस्तकांना नंबर लागायचे. पण त्या काळातल्या किती जाणत्या टीकाकारांनी त्यांचं एक पुस्तक घेऊन ते आतून कसं बांधलंय, वाचकाला पान उलटायला काय भाग पाडतं, हे लिहिलं? फार थोड्यांनी. अर्नाळकरांकडे निदान वाचक तरी होते. आज जो मुलगा इचलकरंजीत बसून पहिली रहस्यकथा लिहितो त्याच्याकडे वाचकही नाहीत आणि परीक्षकही नाही.

मी काय करते सांगते. प्रत्येक जॉनर वाचकाला एक शब्द देतो, तो पाळला की नाही ते मी आधी बघते. रहस्यकथा म्हणते की गुन्हेगार तुझ्या डोळ्यासमोरच आहे, तुला दिसतो का बघ. मग शेवटी जर अचानक कोणी नवाच माणूस आणून त्याला खुनी केलं, किंवा जो धागा गुप्तहेराला माहीत होता तो आपल्याला दाखवलाच नव्हता, तर शब्द मोडला. मी शेवट कळल्यावर मागे जाऊन परत सगळे धागे तपासते, कुठे कुठे पेरलेत, पहिल्या वाचनात ते का निसटले. मागच्या महिन्यातल्या त्या पुस्तकात गावच्या दूध डेअरीतल्या फॅटच्या नोंदींमध्ये खुन्याचा पत्ता होता, आणि ती नोंद तिसऱ्याच प्रकरणात उघडपणे आलेली होती, मी वाचून पुढे गेले होते. याला मी हुशारी म्हणते. आता हे डेअरीचं मी सांगितलं पण खुनी कोण ते सांगितलं नाही, ही मर्यादा रहस्यकथेच्या परीक्षणात पाळावीच लागते, आणि ती पाळून लिहिणं सोपं नसतं.

भयकथेचं वेगळं. ती दुपारी ऑफिसात वाचून तिच्यावर लिहू नये, रात्री वाचावी. तिने भीती दाखवायची असते, आणि भीती वर्णनाने येत नाही, थांबण्याने येते. नवीन लेखक पहिल्याच पानावर रक्त आणि किंचाळ्या आणतात, मग पुढे वाढवायला काही उरत नाही. हे मी स्पष्ट लिहिते.

विज्ञानकथेच्या बाबतीत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत एक कथा आली, लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कुणाला माहीत नसलेलं नाव. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जयंत विष्णु नारळीकर, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं, कारण आपल्या नावाचा परिणाम निकालावर व्हायला नको असं त्यांना वाटत होतं. मी पुस्तक हातात घेते तेव्हा हे कायम आठवते. माझ्यापुढे आलेला प्रत्येक अनोळखी लेखक जगतापच आहे असं समजून वाचायचं. तो पुढे नारळीकर निघेल म्हणून मी हे करत नाही, त्या परीक्षकांनी नाव न बघता कथा वाचली ते मला बरोबर वाटतं म्हणून करते.

तोलायचं का, तर हो. टाइम तुमचा जातोय ना, तो चांगल्या पुस्तकात जायला पाहिजे.

तुम्ही ज्या वऱ्हाडी कादंबरीचं कौतुक केलं ती मी विकत घेतली. भाषा आमचीच हाय पण शुद्धलेखनाच्या चुका लय आहेत. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, असं कसं? (अकोला)

तुमचं बरोबर आहे, मी लिहायला हवं होतं आणि राहून गेलं. आता लिहिते, कारण यात दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते.

बोली ही चूक नसते. हे साठ वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय, उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली, त्यातली नायिका कौतिक वऱ्हाडीत बोलते आणि ती दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलली असती तर ती कौतिक राहिलीच नसती. पण अजूनही मला असे परीक्षक भेटतात जे 'ग्रामीण भाषेमुळे वाचनात अडथळा येतो' असं लिहून मोकळे होतात. अडथळा त्यांना येतो, पुस्तकात नसतो. मी पुण्यात वाढले, मला वऱ्हाडी कानाने नीट येत नाही, म्हणून त्या कादंबरीची पंचवीस-तीस पानं मी मोठ्याने वाचली आणि जिथे अडले तिथे दर्यापूरच्या एका मैत्रिणीला फोन करून विचारलं. तिने मला दोन ठिकाणी सांगितलं की हा शब्द बाया असा वापरत नाहीत, हा पुरुषांच्या तोंडचा आहे. असलं काही मला एकटीला कधीच कळलं नसतं.

दुसरी गोष्ट प्रूफच्या चुका. एकच शब्द एका पानावर एका पद्धतीने आणि पुढच्या पानावर दुसऱ्या पद्धतीने, निवेदन प्रमाण मराठीत असताना तिथेही ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ, संवादाच्या अवतरणचिन्हांचा पत्ता नाही, या चुका बोलीच्या नावावर खपवता येत नाहीत. तुमच्या हातातल्या पुस्तकात त्या आहेत. पण त्यात लेखकाला किती दोष द्यायचा? मोठ्या प्रकाशनाकडे संपादक असतो, मुद्रितशोधन दोनदा तीनदा होतं. या लेखकाने गावाकडे राहून शहरातल्या प्रेसमध्ये पुस्तक छापून घेतलं, प्रूफं व्हॉट्सअॅपवर पाहिली. म्हणून मी या चुकांवर एक वाक्य लिहिते, परिच्छेद नाही, आणि ते वाक्य लेखकापेक्षा छापणाऱ्याला उद्देशून लिहिते. बोलीच्या बाबतीत मी एवढंच तपासते की ती सलग आहे का. आजी आणि नातू एकाच वळणाने बोलत असतील तर कान कमी पडलाय. शाळेत जाणारा नातू थोडा पेपरातल्यासारखा बोलतोच.

न आवडलेलं पुस्तक किती पानांनंतर सोडलं तर चालतं? (ठाणे)

वाचक म्हणून दहाव्या पानावर सोडा, कुणाला विचारायची गरज नाही. पण त्याच्यावर लिहायचं असेल तर शेवटचं पान वाचल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. कंटाळा आला तर दोन दिवस बाजूला ठेवा. तरी होत नसेल तर संपादकांना पुस्तक परत करा आणि दुसऱ्याला द्या म्हणून सांगा, मी वर्षातून दोनतीनदा हे करते.

नमस्कार ताई. माझी कादंबरी मी दोन वर्षांपूर्वी स्वतः काढली. तीनशे प्रती छापल्या, एकशे दहा खपल्या, बाकी माळ्यावर आहेत. नऊ ठिकाणी परीक्षणाला पाठवली. दोन अंकांत 'साभार पोच' मध्ये नाव आलं, बाकी काहीच नाही. एका ठिकाणाहून फोन आला की साडेतीन हजार दिले तर पूर्ण पान परीक्षण छापू. द्यावेत का? पैसे जमवता येतील. (सोलापूर जिल्हा)

देऊ नका. दादा, अजिबात देऊ नका. ते साडेतीन हजार तुमच्या घरात राहू द्या. पैसे घेऊन छापलेलं परीक्षण ही जाहिरात असते, आणि जाहिरात म्हणून छापली असती तरी एक वेळ ठीक होतं, वाचकाला कळलं असतं. परीक्षण म्हणून छापलं की वाचकाची फसवणूक होते आणि तुमचीही, कारण तुमच्या कादंबरीबद्दल खरं काय वाटलं हे तुम्हाला तरीही कळणार नाही.

'साभार पोच' ची यादी बघून मला दरवेळी वाईट वाटतं हे कबूल करते. पाच-पाच वर्षं लिहिलेलं पुस्तक, आणि त्याची नोंद लेखकाचं नाव, पानं, किंमत, एवढ्या एका ओळीत. पण ज्या टेबलावर ती पुस्तकं येतात ते टेबल पण मी पाहिलंय. महिन्याला साठ-सत्तर येतात, परीक्षणाला जागा तीनचार पानं. बरीचशी पुस्तकं नुसती पाकिटात घालून पाठवलेली असतात, सोबत काही नाही, किंवा असतं ते छापील पत्र, 'महोदय, आपल्या दर्जेदार अंकात'. तुम्ही पुढच्या वेळी हाताने पाच-सहा ओळी लिहा. कादंबरी कशाबद्दल आहे, ती तुम्हीच लिहिणं का गरजेचं होतं, आणि त्या अंकात तुम्ही कुणाचं लिखाण वाचता. कोणी लिहावं असं वाटतं त्याच्या नावाने पाठवा, 'संपादक' या नावाने नको. दिवाळी अंकांच्या धावपळीत, म्हणजे ऑगस्टपासून पुढे, पाठवू नका, पुस्तक ढिगाखाली जातं. फेब्रुवारी-मार्च बरा.

तुमच्या पत्रात खाली एका ओळीत तुम्ही लिहिलंय की तुम्ही ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर सात वर्षं ड्रायव्हर होता आणि कादंबरी त्याच्यावर आहे. ही ओळ खाली का? ही पहिली ओळ पाहिजे. तुळजापूरचे देविदास सौदागर स्वतः शिवणकाम करणारे, त्यांच्या 'उसवण' कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, आणि ती कादंबरी रेडिमेड कपड्यांमुळे मोडत गेलेल्या शिंप्याच्या धंद्याबद्दल आहे. ज्याने मशीनवर बसून पाय मारलेत त्याला जे दिसतं ते बाहेरून दिसत नाही. पुरस्कार सगळ्यांना मिळणार नाहीत, पण आपण जे जवळून पाहिलंय ते शेवटच्या ओळीत लपवू तरी नका.

आणखी एक काम करा, यात परीक्षकाचा काही संबंध नाही पण गरजेचं आहे. आयएसबीएन नंबर, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतला नसेल तर पुढच्या आवृत्तीला घ्या, सरकारच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून तो फुकट मिळतो, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि १९५४ च्या ग्रंथ पोहोचवण्याच्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याची नॅशनल लायब्ररी आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या लायब्रऱ्या अशा चार ठिकाणी प्रत पाठवायची असते, प्रकाशक तुम्हीच आहात म्हणजे ते तुमचं काम. माळ्यावरच्या प्रतींपैकी काही आसपासच्या तालुक्यातल्या सार्वजनिक वाचनालयांना नेऊन द्या, स्वतः जा, ग्रंथपालाशी बोला. ग्रंथपाल वाचणारा असेल तर तो एकटा माणूस तुमच्या पुस्तकाला दहा वाचक मिळवून देतो.

आणि एक प्रत मला पाठवा. छापेन असं वचन देत नाही, पण शेवटपर्यंत वाचेन हे नक्की.

मॅम, मी एमए करते आणि मला कमी माहीत असलेल्या बायकांच्या आत्मकथनांवर लिहायचंय. पण त्यांनी इतकं सोसलेलं असतं की चांगलं-वाईट म्हणायची लाज वाटते. मग परीक्षण कसं करायचं? (नाशिक)

तुझ्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करत होते, कारण मलाही हे अजून जड जातं.

मला वाटतं लाज वाटते ती आपण चुकीच्या गोष्टीचं परीक्षण करायला निघतो म्हणून. तिचं आयुष्य आपल्यापुढे परीक्षणाला आलेलंच नसतं. आलेलं असतं ते तिने लिहिलेलं. कुठून सुरुवात केली, काय सांगितलं, काय गाळलं, कुठे थांबली, हे सगळे तिने घेतलेले निर्णय असतात, आणि ते निर्णय आपण बघितले नाहीत, नुसतं 'किती सोसलं' म्हणून हळहळलो, तर आपण तिला लेखक मानलंच नाही.

दलित लेखिका बेबी कांबळे यांचं उदाहरण घे. फलटणला छोटं किराणा दुकान चालवता चालवता त्या लिहीत होत्या, घरच्यांपासून लपवून, कितीतरी वर्षं. मग मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ते छापायला लावलं, 'स्त्री' मासिकात ते आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. आता त्या पुस्तकात त्या 'मी' कमी म्हणतात आणि 'आम्ही' जास्त म्हणतात, सगळ्या वस्तीचं सांगतात, स्वतःच्या घरातलं फार थोडं. हा त्यांचा निर्णय आहे, नावापासूनच. याच्यावर लिही ना तू. का केलं असेल असं, त्याने काय जमलं, काय हातातून सुटलं. यात त्यांच्या दुःखाचा अपमान कुठेच होत नाही.

माझ्याकडे मागच्या महिन्यात जे आत्मकथन आलं होतं त्यात पहिली शंभर पानं बाईंनी तारखा आणि नातेवाइकांच्या नावांत घालवली होती आणि मी तसं लिहिलं. पण पुढे एक प्रसंग आहे, सासरी गेल्यावर पहिल्या रात्री त्यांना घरातल्या रांजणाचं झाकण कुठे ठेवतात ते कळत नाही आणि विचारायची सोय नाही, म्हणून त्या रात्रभर ते झाकण हातात धरून बसल्या. दीड पानाचा प्रसंग, एकही रडका शब्द नाही. मी लिहिलं की हे दीड पान असं लिहिणारी बाई पुढचं पुस्तक थेट इथून सुरू करू शकते. त्यांचं मला पत्र आलं, त्या ७१ वर्षांच्या आहेत, आणि त्यांनी लिहिलंय की दुसऱ्या आवृत्तीत त्या पहिली साठ पानं काढणार आहेत. मी एवढं सांगितलंही नव्हतं.

तू तुझ्या परीक्षणात प्रत्येक पुस्तकातलं असं एक झाकण शोध. बाकी नंतर सुचतं.

इथे मराठी पुस्तकं मिळत नाहीत म्हणून मी किंडलवर नवीन लेखक वाचतो. बरीच फक्त ई-बुक म्हणूनच आलेली असतात. त्यांची परीक्षणं कुठेच का येत नाहीत? (न्यू जर्सी)

कारण ती टेबलावर येत नाहीत, एवढंच. २०१६ च्या डिसेंबरपासून किंडलवर मराठीची सोय झाली आणि कितीतरी जणांनी प्रेसची पायरी न चढता पुस्तकं काढली, पण आपली मासिकं अजून छापील प्रत हातात आल्याशिवाय पुस्तक आलं असं मानत नाहीत. हे बदलायला पाहिजे आणि या अंकापासून मी ई-बुक पण घेणार आहे, संपादकांशी बोलणं झालंय. तुम्ही तिकडे एवढं वाचता तर तुम्हीच लिहून पाठवा, दोनशे शब्द चालतील. फक्त पाच स्टार आणि 'मस्त' असं नको. अक्षरं फुटलेली असतील, जोडाक्षरं तुटलेली असतील तर तेही कळवा, लेखकाला ते लगेच दुरुस्त करता येतं.

इतकं सगळं लिहून फरक पडतो का हो? तुम्ही वीस वर्षं लिहिताय, त्यातले किती लेखक पुढे आले? (सातारा)

मोजलेले नाहीत. दोनचार आले असतील, ते माझ्यामुळे आले असं मी म्हणणार नाही.

पण मला ताराबाई शिंद्यांबद्दल सांगू द्या. बुलढाण्याच्या बाई. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, पेपरांतून बायकांवर वाटेल ते लिहिलं गेलं, आणि ताराबाईंनी संतापून 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. १८८२ मध्ये पुण्यात छापलं, पाचशे प्रती. सोलापूरच्या त्या दादांच्या तीनशेपेक्षा दोनशेच जास्त. लोकांनी टीका केली, टिंगल केली, आणि ताराबाईंचं त्यानंतर दुसरं पुस्तक आलंच नाही. पण एका माणसाने ते नीट वाचलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात त्यांची बाजू घेऊन लिहिलं, या बाईने काय म्हटलंय ते आधी बघा म्हणून.

त्यानंतर पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, त्र्याण्णव वर्षांनी. आज ते विद्यापीठात शिकवतात, नाशिकच्या मुलीच्या यादीत असणारच. ताराबाईंना यातलं काहीच बघायला मिळालं नाही. पण त्या हयात असताना एकाने ते वाचून तसं छापून सांगितलं, हे त्यांच्यापर्यंत पोचलं असेल असं मी धरून चालते, आणि ते पोचलं असेल तर त्या दिवशी त्यांना कसं वाटलं असेल याचा विचार मी पुष्कळदा करते.

पुढच्या महिन्यात माझ्याकडे तीन पुस्तकं आहेत. चंदगडकडची एक कादंबरी, एका नर्सने लिहिलेल्या कथा, आणि उदगीरच्या सरांनी आत्ताच टपालाने पाठवलेला तो पोस्टमनचा कवितासंग्रह. पहिलं वाचन झालंय, पेन्सिलीचं अजून बाकी आहे.